अंगावरचे दप्तर

(गगनबावडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण ही व्याख्यानमाला चालविता, त्यांचे छायाचित्र या मंचावर हार घालून मांडलेले आहे. मघापासून मी त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि अंगावरच्या कपड्यांकडेच अधिक पाहत आहे, ही कबुली प्रारंभीच देऊन टाकतो. कमरेला धोतर, अंगात बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी, हा वेष आपल्या वडीलधाऱ्यांच्या शेकडो छायाचित्रांतून इतका ओळखीचा झाला आहे की, त्यात काही पाहण्यासारखे असेल असे कोणाला वाटत नाही. परंतु जरा थांबून विचार केला, तर या एका देहावर तीन निरनिराळे काळ शेजारी शेजारी नांदत असल्याचे दिसेल. धोतराला सुई लागलेली नाही. कार्ल्याच्या लेण्यातील दगडी दंपतींच्या कमरेला जे न शिवलेले वस्त्र आहे, त्याच कुळातले ते आहे. कोट इंग्रजी अमदानीतला, कचेरीच्या आणि शाळेच्या उंबरठ्यावरून घरात आलेला. आणि टोपी असहकाराच्या चळवळीतली, म्हणजे १९२० च्या आगेमागे डोक्यावर चढलेली. गुरुजींनी इतिहासाची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे शिकविली. पण ती शिकविताना आपण स्वतःच एक इतिहासाचे पान अंगावर घालून वर्गात उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आले असेल की नाही, कोण जाणे.

गगनबावड्यात उभे राहून टोपीविषयी बोलायचे, तर या मुलखाचे जहागीरदार घराणे ज्यांच्यापासून थोर झाले, त्या रामचंद्रपंत अमात्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेल्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात ‘हुकूमतपनाह’ होऊन राज्य सावरून धरलेल्या या पुरुषाने १७१५ मध्ये जे आज्ञापत्र लिहिले, त्यात समुद्रापलीकडून आलेल्या इंग्रज, वलंदेज, फिरंगी, फरांसीस वगैरे व्यापाऱ्यांना एकच नाव दिलेले आहे, ते म्हणजे टोपीकर. हे लोक वरून सावकार दिसत असले तरी त्यांच्या पाठीशी राज्ये आहेत, त्यांना किनाऱ्यालगत जागा देऊ नये, असा इशारा अमात्यांनी दिला. तो किती अचूक होता, हे पुढच्या शंभर वर्षांनी सिद्ध केले. आज मला त्या इशाऱ्यापेक्षा त्या नावाचे अधिक नवल वाटते. इतक्या दूरदृष्टीच्या मुत्सद्द्यालाही परकी सत्ता प्रथम ओळखू आली ती तिच्या धर्मावरून, भाषेवरून वा तोफांवरून नव्हे, डोक्यावरच्या टोपीवरून. सत्ता अंगावर दिसते, ही गोष्ट त्या काळच्या माणसाला सांगावी लागत नव्हती.

माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. पोशाख हौसेने बदलतो, असा आपला एक सार्वत्रिक समज आहे. माझे म्हणणे असे की, हौस नेहमी मागाहून येते आणि झालेल्या बदलाला नटवते. बदल घडतो तो तीन कारणांनी. कोणी तरी हुकूम करतो म्हणून. बाजारातून एखादी वस्तू नाहीशी होते किंवा आवाक्याबाहेर जाते म्हणून. आणि आजवर जे ल्यायची मनाई होती, ते ल्यायचा हक्क कोणी तरी हिसकावून घेतो म्हणून. हुकूम, टंचाई आणि हक्क या तीन खुंट्यांवर महाराष्ट्राच्या कपड्यांचा सारा इतिहास टांगलेला आहे, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अमेरिकेचाही बराचसा. किंबहुना हे दोन इतिहास काही ठिकाणी एकाच धाग्याने शिवलेले आहेत.

प्रथम हुकूम. बहामनी आणि आदिलशाही अंमलात दख्खनेत दरबारी रीतीने शिवलेला कपडा प्रतिष्ठित झाला आणि त्याच्याबरोबर त्याचे शब्दही आले. सदरा, विजार, पैरण, अस्तर, जरी, मखमल, रुमाल, शाल हे सारे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना (वस्त्रभांडार) होता तोही त्याच वळणाचा. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राजव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबाराच्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दप्तरातली भाषा त्यामुळे पुष्कळ अंशी पालटली. परंतु शिंप्याच्या दुकानातली भाषा कोणत्याही कोशाला पालटता आली नाही. तीनशेपन्नास वर्षांनंतरही आपण सदऱ्याला सदराच म्हणतो, कारण तो शब्द तोंडात नसून अंगात बसलेला आहे.

त्या काळी वस्त्र देणे हा राजकारणाचा व्यवहार होता. बादशहा खिलत देई, म्हणजे मानाचा पोशाख देई, आणि तो अंगावर घेणारा त्या क्षणापासून देणाऱ्याचा अंकित ठरे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात जे घडले, ते या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या. शिवाजीराजांना मिळाली नाही. राजे संतप्त होऊन पाठ फिरवून बाजूला गेले, तेव्हा त्यांची समजूत घालण्यासाठी बादशहाने माणसे पाठविली व खिलत देऊ केली. ती राजांनी नाकारली. आपण हा प्रसंग मानापमानाचा म्हणून सांगतो आणि तो तसा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी एक अंगरखा आहे, हे विसरून चालणार नाही. मिळाला नाही म्हणून अपमान झाला, आणि मिळू लागला तेव्हा न घेण्यात स्वातंत्र्य राहिले. एकाच वस्त्राचे एका घटकेत झालेले हे दोन अर्थ ज्याला समजले, त्याला मोगली राज्ययंत्र अर्धे समजले.

मराठी राज्यानेही हीच रीत पुढे चालविली. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी मुक्कामी शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले. आपले बखरकार असे लिहीत नाहीत की त्यांना पद मिळाले. ते म्हणतात, पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे प्रत्येक पेशव्याला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत, सारी सत्ता पुण्यात एकवटली असतानाही यावी लागत. ज्याच्या हातात तलवार नव्हती, त्या छत्रपतीच्या हातात कापड होते, आणि ते कापड आल्यावाचून तलवारीला कायदेशीरपणा येत नव्हता.

हुकुमाची दुसरी तऱ्हा याच घाटाच्या पायथ्याकडून दक्षिणेला गेले असता गोव्यात पाहावयास मिळते. तेथे धर्मसमीक्षण संस्थेने, जिला आपण इन्क्विझिशन म्हणतो त्या यंत्रणेने, १७३६ मध्ये जे फर्मान काढले, त्यात ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी पुडवे (धोतर) नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी ताकीद होती. धर्म बदलून दोन-दोन शतके लोटली होती, तरी नेसण बदलली नव्हती, म्हणूनच असे फर्मान काढावे लागले, हा त्यातला खरा ऐतिहासिक पुरावा. विश्वास पालटतो त्यापेक्षा निरी पालटायला अधिक काळ लागतो. आणि गंमत अशी की, ज्यांच्या फर्मानांचा आपण तिटकारा करतो, त्यांचेच काही शब्द आपल्या सदऱ्यावर मुकाट्याने बसलेले आहेत. बटण ज्यात अडकते ते काज आणि कपड्याला केली जाते ती इस्त्री, हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आल्याचे कोशकार सांगतात.

इंग्रजी अंमलात हुकूम सौम्य झाला, पण संपला नाही. कचेरीत कोणते पागोटे, दरबारात कोणते पायताण, यांचे दंडक ठरले. आमच्या करवीर संस्थानचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी, जेमतेम विशीत, त्यांचे देहावसान झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्या दहनाच्या जागी छत्री आहे आणि छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. तेथील उघड्या, बिनरंगी संगमरवराच्या देशात हा पुतळा मात्र रंगविलेला आहे, आणि त्याच्या मस्तकावर मराठेशाही पागोटे आहे. सारा युरोप पालथा घालतानाही राजाचे मस्तक राजाचेच राहिले पाहिजे, ही त्या पागोट्यामागची भावना शिल्पकाराला कळली असावी, नाही तर त्याने त्याच्या घडीघडीवर इतकी मेहनत घेतली नसती.

आता टंचाईकडे वळू. येथे आपल्याला समुद्र ओलांडून अमेरिकेत जावे लागते. १८६१ मध्ये त्या देशात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस एकाएकी तुटला. तो कोठून तरी आणणे भागच होते. तो आपल्याकडून गेला. चार वर्षे मुंबईच्या बंदरातून कापसाचे गठ्ठे आणि बंदरात सोन्याचांदीचा ओघ, अशी स्थिती झाली. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा कथा त्या काळच्या सांगण्यात येतात. परंतु ज्या विणकराच्या मागावर आपल्या लोकांचे लुगडे आणि पटका निघत होता, त्याला त्याच दिवसांत सूत परवडेना. कापूस पिकविणाऱ्याच्या घरी पैसा आणि कापड विणणाऱ्याच्या घरी उपास, असा हा उफराटा सुकाळ होता. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, खेड्यात कर्ज उरले, त्यावर वाढीव सारा आला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनच्या दंग्याच्या त्या धुरात अमेरिकन कापसाचाही काही अंश होता.

त्याच युद्धाने अमेरिकेच्या अंगावर काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. लाखो शिपायांना गणवेष पुरवायचा, आणि प्रत्येकाचे माप घ्यायला शिंपी कोठून आणणार? म्हणून सैनिकांची मापे एकत्र करून त्यांच्या प्रतवाऱ्या लावण्यात आल्या, आणि युद्ध संपल्यावर त्याच प्रतवाऱ्यांवर पुरुषांच्या तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला. आज आपण कोल्हापूरच्या दुकानात सदरा मागताना जो आकडा सांगतो, त्याची वंशावळ अशी एका रणांगणापर्यंत जाते. एकाच युद्धाने त्यांना तयार कपडा दिला आणि आपल्याला कर्जाचे खत दिले. पुढे त्याच देशातून शिवणयंत्र आले. बाजारपेठेत शिंप्याच्या ओट्यावर पायाने चालणारे सिंगरचे यंत्र खडखडू लागले, आणि घरी हाताने शिवली जाणारी चोळी हळूहळू बाहेरून शिवून येऊ लागली. जी गोष्ट आईने मुलीला शिकवायची होती, ती शिंप्याकडे गेली.

कापडाची भूक भागविण्याचे दोन मार्ग निघाले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी उभारण्याचा उद्योग मांडला होताच. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या भोंग्यावर तळकोकणातले व घाटावरचे हजारो लोक जगू लागले. दुसरा मार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, त्यांना जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा आश्रय होता. आणि १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल काढली. स्वदेशीचा वणवा पेटलेले ते दिवस. पुण्यात १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी झाली होती. होळीने प्रश्न विचारला होता, ‘हे जाळले, मग नेसायचे काय?’ इचलकरंजीच्या मागाने आणि शाहू मिलने त्याचे उत्तर द्यावयास प्रारंभ केला. पुढे १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही; इचलकरंजीचे माग मात्र चालत राहिले.

येथे मी आपल्याला एक वस्तू दाखविणार आहे. ही माझ्या आजीची वाकळ. पुण्याकडचे लोक हिला गोधडी म्हणतात. वरचा पदर इरकली लुगड्याचा आहे. रंग विटला, पण काठाचे वळण शाबूत आहे. ह्या कोपऱ्याला टाके उसवले आहेत आणि त्यातून आतले दोन थर डोकावतात. पहिला खाकी. आजीचा भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होता, त्याच्या कोटाची ही बाही. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या एका पलटणीने पांढरा गणवेष धुळीच्या रंगाचा केला, तो रंग पुढे साऱ्या इंग्रजी फौजेवर पसरला, अमेरिकन फौजेनेही घेतला, आणि फारसीतला तो शब्द इंग्रजांच्या कोशात जाऊन बसला. आमच्या गावी तो रंग युद्धावरून आला आणि पुढे पोलीस, टपालवाला, शाळेची अर्धी विजार यांच्यावर राहिला. त्याच्या खालचा थर पाहा. मांजरपाटापेक्षाही जाड, आणि त्यावर निळ्या शाईच्या शिक्क्याचे अर्धे अक्षर. हे १९४३ नंतरचे नियंत्रणातले कापड. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचा मोठा माल फौजेकडे वळला, बाजारातून कापड नाहीसे झाले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये सरकारने कापड-सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडाच्या ठाणावर भावाचा शिक्का मारणे सक्तीचे झाले. आजीने तो शिक्का असलेला तुकडा मुद्दाम आत घातला, वर घातला नाही. लेकीच्या लग्नात रांगेत उभे राहून मिळविलेले कापड आहे, हे लोकांना दिसू नये, एवढीच तिची इच्छा होती.

त्याच १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजलिस शहरात एक दंगा झाला. लढाईच्या टंचाईमुळे अमेरिकेतही स्त्रियांच्या झग्याचा घेर व लांबी किती असावी, हे सरकारने ठरवून दिले होते. नायलॉन हवाई छत्र्यांकडे गेले होते. अशा दिवसांत मेक्सिकन वंशाची काही तरुण मुले ढगळ, लांब कोट आणि घेरदार विजारी घालून हिंडत, हे खलाशांना आणि शिपायांना सहन झाले नाही. त्यांनी त्या मुलांना रस्त्यात गाठून मारले आणि कपडे अंगावरून ओरबाडून काढले. सांगण्यास निमित्त कापडाच्या नासाडीचे होते. राग होता तो, या वर्णाच्या मुलांनी इतके ऐटीने का दिसावे, याचा. टंचाई जेथे संपते आणि हक्काचा प्रश्न जेथे सुरू होतो, ती सीमा या दंग्यात स्पष्ट दिसते. म्हणून त्याच वाटेने मी तिसऱ्या भागाकडे येतो.

हक्काने केलेला पोशाख हा आपल्या इतिहासातला सर्वांत उजळ भाग आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे हिऱ्यामाणकांनी मढून बसले असता, पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते हातच्या सुताची जाडीभरडी खादी अंगावर घालून हजर राहिले. गांधीजी त्या वेळी सात वर्षांचे होते. पुढे २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. राणीच्या पुत्राने जर प्रजा पाहायची असेल, तर ती या मंडपातल्या जरीच्या पागोट्यांत नाही, ती खेड्यात आहे, हे त्यांनी भाषण करूनही सांगितले. पण त्यांच्या फाटक्या मुंडाशाने ते आधीच सांगून टाकले होते. एकाने उंची कापड असताना जाडे घातले, दुसऱ्याने मानाच्या जागी रयतेचा वेष नेला. दोघांनीही राज्यकर्त्यांच्या दरबारात पोशाखाचा हुकूम उलटा फिरविला.

या प्रसंगांच्या मध्ये एक तरुण मुलगी आहे, तिचे नाव कोल्हापुरात घेतले पाहिजे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. निघण्यापूर्वी त्यांनी जाहीर सभेत सांगितले होते की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि आपली वेषभूषा त्यांनी टाकली नाही. परंतु फिलाडेल्फियाची थंडी व्रत पाहत नाही. नऊवारीच्या काष्ट्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी पायघोळ अशी गुजराती नेसण स्वीकारली. आत परकर आला, वर पदर तोच राहिला. १८८५ च्या ऑक्टोबरातले त्यांचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. जपानची एक, सीरियाची एक आणि आपली एक, अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. मराठी स्त्रीच्या नेसणीतला तो बदल कोणा पुढारपणाच्या हौसेने झाला नाही. बर्फाने केला, आणि तरी निवड तिची राहिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर त्यांना रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. ती साडी आमच्या शहरात यायची होती, ती आली नाही.

परंतु एखाद्या वस्त्राने साऱ्या समाजाची मान ताठ केल्याचे उदाहरण हवे असेल, तर ते डिसेंबर १९२७ मधले महाडचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांसमोर भाषण केले. तुमच्या अंगावरून, तुमच्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि हातापायांतल्या जड कथलाच्या दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते. ती ओळख टाका, घोट्यापर्यंत लुगडे नेसा, हे जड दागिने काढा, असा त्या भाषणाचा आशय होता. गुडघ्याच्या वर लुगडे नेसण्याची ती पद्धत गरिबीने आली नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनाईने आली होती. शेजारच्या सुधारक कुटुंबांतील स्त्रियांनी नेसण दाखविली, आणि परत निघताना त्या बाया घोट्यापर्यंत लुगडे सोडून चालत निघाल्या. चवदार तळ्याच्या पाण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या दिवशी महाडच्या रस्त्यावरून गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आलेल्या त्या काठांविषयीही बोलले पाहिजे. स्वतः बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात शिकून आणलेला कोट-टाय आमरण घातला, आणि आज खेड्याखेड्यांतला त्यांचा निळ्या सुटातला पुतळा हेच सांगतो की, जो पोशाख एके काळी टोपीकरांचा म्हणून ओळखला जाई, तो ल्यायचा हक्कही आपला आहे.

आणि टोपीकर म्हटले की आपण पुन्हा गुरुजींच्या छायाचित्राकडे येतो. १७१५ मध्ये अमात्यांनी परक्यांना ज्या वस्तूवरून नाव दिले, तीच वस्तू दोनशे वर्षांनी, खादीची होऊन, त्या परक्यांच्या विरोधाची खूण झाली. गांधीजींनी स्वतः ती थोड्याच काळात टाकली आणि ते पंच्यावर आले; महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने मात्र ती अशी डोक्यावर घेतली की, आज तिच्यात राजकारण उरले नाही, ती नुसती उन्हाची आणि मानाची टोपी झाली. हौस मागाहून येते, असे मी म्हणालो ते याच अर्थाने.

आपल्या या घाटमाथ्यावरचा एक पोशाख मात्र इतका वेळ या तिन्ही खुंट्यांवर टांगता आला नाही. तो म्हणजे इरले. कळकाच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पाने दाबून केलेले, डोक्यापासून पाठ झाकणारे, दोन्ही हात रोप लावायला मोकळे ठेवणारे हे वस्त्र जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या या तालुक्याने स्वतःसाठी घडविले. त्याच्या सोबतीला धनगरी लोकरीचे, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले घोंगडे आणि त्याची खोळ. बादशहा आले, पेशवे आले, टोपीकर आले. वाफ्यात वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले कोणी बदलले नाही. ते बदलले प्लॅस्टिकच्या कागदाने, आणि त्याला कोणाच्या फर्मानाची गरज लागली नाही. प्लॅस्टिक स्वस्त होते, हलके होते, आणि इरले विणणारा हात म्हातारा झाला होता. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. भिजणाऱ्या माणसाने इतिहास सांभाळत बसावे, अशी अपेक्षा कोरड्या सभागृहातून करणे योग्य नव्हे.

शेवटी आणखी एक धागा. मुंबईच्या डोंगरी भागात मिळणाऱ्या जाड्या सुती कापडाला जुन्या काळी डोंगरी म्हणत. तेच इंग्रजीत डंगरी झाले, खलाशांनी आणि मजुरांनी घातले, आणि अमेरिकेत कामकऱ्यांच्या विजारीला ते नाव चिकटले. १८७३ मध्ये तेथे तांब्याच्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या विजारीचे पेटंट झाले, तिला आज सारे जग जीन म्हणते. डंगरी ही तिची सख्खी शेजारीण. आमची कोल्हापुरी चप्पलही याच वाटेने गेली आणि आली. साठ-सत्तरीच्या दशकांत अमेरिकेतल्या हिप्पी मुलांनी ती पायात घातली, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात तिचीच घडण नाव न सांगता मांडली गेली, तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला आणि तिचे मूळ मान्य करावे लागले. चपलेला निदान तिच्या गावचे नाव परत मिळाले. डोंगरीला अजून मिळालेले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनी नातवासाठी वाकळ घालावयास बसल्या होत्या. घरात लुगडी उरलेली नाहीत. साडी आहे ती बहुतेक कृत्रिम धाग्याची, ती अंगाला ऊब देत नाही आणि टाका धरत नाही. म्हणून त्यांनी नातवाच्या बापाची जुनी जीन उसवून मधल्या थराला घेतली होती. दोन टाक्यांतच सुई मोडली. दुसरी घेतली, तीही वाकली. ‘काय वो ह्ये कापाड!’ असे म्हणत त्या उठल्या, आणि पोती शिवायचे दाभण घेऊन पुन्हा बसल्या. मुंबईच्या डोंगरीतून निघालेल्या त्या जाड्या कापडाच्या शेजारणीचा हा प्रवास, गगनबावड्याच्या पावसात, एका वाकळीच्या मधल्या थरात संपत होता. आणि त्या मात्र, त्याच्यातून एकदाचे दाभण पार झाले, एवढ्याच समाधानाने पुढचा टाका घालत होत्या.